रहीममामूंची डबी

रहीममामूंना ‘कसं काय?’ विचारलं की ते तोंडानं उत्तर देत नाहीत, मनगट पुढं करतात. ‘धरून बघा सर, कंपनीचा माल हाय.’ छातीत पेसमेकरची डबी बसवल्यापासून आमच्या गल्लीत भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी त्यांची नाडी धरून पाहिलीय. मी शेजारी, त्यात रिटायर मास्तर, म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक.

मामू पिंजारी. निम्मी गेवराई त्यांनी भरलेल्या गाद्यांवर झोपली. आता लोक फोम आणतात, त्यामुळं खालचं दुकान ओस पडलंय आणि मामू-मामी वर राहतात. धंदा गेला तरी घासाघीस करायची सवय गेली नाही. मामूंच्या हृदयाचा वरचा कप्पा अधूनमधून उगाच फडफडतो. तेव्हा पेसमेकरनं त्याच्या मागं न धावता आपल्या चालीनं चालावं, असं डॉक्टरांनी सेटिंग ठेवलं. ‘म्हंजे येड्याच्या नादी लागायचं न्हाई,’ मामूंनी पसंती दिली. मग कमीत कमी ठोके साठ ठेवतोय म्हटल्यावर अडून बसले, सत्तर करा की साहेब, जुनं गिऱ्हाईक हाय.

आणखी एक सेटिंग होतं. अंग हललं की ठोके वाढायचे, म्हणजे जिना चढताना दम लागू नये. पण हलणं माणसाचं की गाडीचं, हे त्या डबीला काय कळणार? बीडला तपासणीला नेताना माझी गाडी खड्ड्यात आदळली की मामू छातीवर हात ठेवून म्हणायचे, ‘सर, दमानं. डबीला वाटतंय मी पळतोय.’

परवाच्या तपासणीत डॉक्टर कॉम्प्युटरकडं बघून गंभीर झाले. फडफड फारशी नव्हती, पण रोज दुपारी ठोके पळणाऱ्या माणसासारखे वाढत होते. हृदय आधीच थकलेलं, हे असंच चाललं तर ते टिकायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुपारी काय करता, विचारलं तर मामू म्हणाले, झोपतो.

‘झोपेत एवढं कुठं पळता?’

‘ख्वाबात जातो कुठंकुठं.’

आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, डॉक्टर, हा माणूस धादांत खोटं बोलतोय. रोज दुपारी दुकानातलं कापूस पिंजायचं मशीन लावून त्याच्या फळीवर बसतो. कापूस नाही, गिऱ्हाईक नाही, रिकामं मशीन! अख्खं दुकान हलतं, माझी भिंत थरथरते, माझ्या मांडणीवरचा तांब्या खाली येतो, माझ्या झोपेचं खोबरं होतं. भांडायला गेलं की म्हणतात, ‘कशाला चिडता सर? गंज चढू नये म्हणून लावतो.’

मामूंनी बाही ओढून मनगट झाकलं. डॉक्टरांनी दोनच वाटा ठेवल्या: मशीन बंद करा, नाहीतर मी हे हलण्याचं सेटिंग बंद करतो, मग जिना चढताना दम लागेल.

‘सेटिंग बंद करा,’ मामू लगेच म्हणाले. घासाघीस नाही, काही नाही.

मी खवळलो. म्हटलं, त्या भंगारापायी जीव द्यायचाय का?

‘जैनबसाठी लावतो, सर.’

जैनबमामींना विसरण्याचा आजार जडलाय हे गल्लीला माहीत होतं. आत्तासुद्धा माझी बायको त्यांच्यापाशी बसली होती. पुढचं मात्र मला माहीत नव्हतं.

‘दुपारी उठून दाराकडं धावती. मी आडवा गेलो तर घाबरती, हा म्हातारा कोण म्हणती. मशीन लागलं की तिला वाटतं, नवरा खाली कामाला हाय. मग गुमान झोपती.’ मामू बाहीशी चाळा करत होते. ‘वर मी तिचा कुणी न्हाई, सर. खाली असलो की नवरा असतो.’

डॉक्टरांनी सेटिंग बंद केलं. परतीच्या वाटेवर मी सगळे खड्डे चुकवत आलो. आता त्याची गरज नव्हती, तरीही.

काल दुपारी भिंत थरथरली. मी तांब्या खाली उतरवून ठेवला आणि पडून राहिलो. झोप येईना. बऱ्याच वेळानं मशीन थांबलं, तसा बाहेर आलो. मामू जिन्याच्या मधल्या पायरीवर धापा टाकत बसले होते. मी शेजारी बसलो आणि त्यांनी पुढं करायच्या आतच मनगट हातात घेतलं.

‘कसं काय, मामू?’

‘हळू बोला,’ ते म्हणाले, ‘झोपलीय.’