कंट्रोलर निवड समितीचा अहवाल

आजारपणानंतर अण्णांच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती. त्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्हिडिओ गेमचा उपाय सांगितला. "रबरी चेंडू दाबायला ते कंटाळतात. गाडी पळवायचा गेम लावा, हातात कंट्रोलर द्या. कुठलाही चालेल, पण लगेच. दीड महिन्यात बोटं हलली तर हलली, नाहीतर मूठ अशीच राहील."

अण्णांचे चिरंजीव एका कार्यालयात खरेदी अधिकारी होते. बावीस वर्षांच्या सेवेत त्यांनी साधी टाचणीसुद्धा तुलनात्मक तक्त्याशिवाय घेतली नव्हती. 'कुठलाही' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागला. वडिलांवर त्यांचा जीव होता, म्हणून तर त्यांनी हे काम रीतसर करायचं ठरवलं.

त्याच संध्याकाळी निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष ते स्वतः, सदस्य त्यांची बायको. अण्णा लाभार्थी असल्यामुळे त्यांचे हितसंबंध गुंतले होते, म्हणून त्यांना मताधिकार नव्हता. मात्र त्यांची गरज नोंदवून घेण्यात आली.

"अण्णा, कंपन सौम्य हवं की मध्यम?"

"मला ती लाल गाडी पळवायचीय."

"प्रश्नाला धरून बोला."

तीन आठवडे चिरंजीवांनी ग्राहकांचे अभिप्राय वाचले. एका कंट्रोलरवर चारशे लोक खूश होते. एकाने लिहिलं होतं की तीन वर्षांनी जॉयस्टिक आपोआप डावीकडे सरकते. तो कंट्रोलर तिथेच बाद झाला.

"अहो, तीन वर्षांनंतरचं तीन वर्षांनी बघू," बायको म्हणाली. "शेजाऱ्यांकडे जुना पडलाय, तो आणते."

"वापरलेल्या वस्तूला हमीपत्र नसतं."

ते कार्यालयात गेल्यावर तिने तो आणलाच. अण्णांनी दात-ओठ खाऊन जोर लावला, अंगठा इंचभर हलला, लाल गाडी सुसाट सुटली आणि थेट भिंतीवर आदळली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच अण्णा खदखदून हसले. सुनेला रडू आवरेना.

चिरंजीव संध्याकाळी घरी आले आणि त्यांचा चेहरा उतरला. निर्णयापूर्वी लाभार्थ्याने नमुना हाताळल्याने संपूर्ण प्रक्रिया दूषित झाली होती. जुना कंट्रोलर त्यांनी स्वतः शेजाऱ्यांना परत केला आणि निवड पहिल्यापासून सुरू केली.

नवव्या आठवड्यात कंट्रोलर आला. बटणं मऊ, कंपन सौम्य, जॉयस्टिक केसभरही न सरकणारी. दोष काढायला जागा नव्हती. चिरंजीवांनी तो अण्णांच्या हातात ठेवला, पण मूठ उघडेना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बोटं चाचपली आणि मान हलवली. "मी 'लगेच' म्हणाले होते."

चिरंजीव ओक्साबोक्शी रडले. मग डोळे पुसून त्यांनी पोचपावती पुढे केली आणि अण्णांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला.

चिरंजीवांनी इंटरनेटवर टाकलेला निवडीचा अहवाल मात्र गाजला. इतकी काटेकोर निवड कुणी केली नव्हती. नातेवाईक, सहकारी, अनोळखी माणसंसुद्धा फोन करून एकच विचारतात, "शेवटी घेतला कोणता?"

तुम्हीही मघापासून तेच नाव शोधत असाल. अण्णांच्या हाताची चौकशी करणारा फोन अजून एकही आलेला नाही.