वर्षातून एकदा तरी हलावे

सकाळी साडेआठ वाजता मालकीण चार नंबरच्या कॅरॅव्हॅनखाली पालथी पडून चाक शोधत होती. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून फिरायला न्यायचे चाकांवरचे घर, अशी व्याख्या आहे. तिच्या तळावर, म्हणजे मुक्कामाच्या भाड्याच्या जागेवर, उभ्या असलेल्या नऊ कॅरॅव्हॅनना ही व्याख्या कुणी वाचून दाखवलेली नव्हती.

"मामा, चाक कुठाय?" तिने खालूनच विचारले.

"कुठलं?" वरून आवाज आला.

"दोनपैकी कुठलंही चालेल."

मामा आठवू लागले. ते तसे कुणाचेच मामा नव्हते. तीस वर्षे बस चालवून निवृत्त झाले होते आणि त्या दिवसापासून हलायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. "एकात टोमॅटो लावलेत," ते म्हणाले. "दुसऱ्यावर मावशी बसतात, गप्पा मारायला आल्या की."

"मग ही उभी कशावर आहे?"

"विटांवर. पक्क्या आहेत, तू काळजी करू नकोस."

विटा पक्क्या होत्या, हीच तर काळजी होती.

तीन आठवड्यांपूर्वी सरकारी नोटीस आली होती. ज्या तळावरील वाहने वर्षातून एकदाही फाटकाबाहेर जात नाहीत, तो तळ नसून वसाहत समजण्यात येईल. वसाहत म्हटली की गटारे आली, दिवाबत्ती आली आणि पाचव्या कलमानुसार आगीचा बंब वळेल एवढा रस्ताही आला. तळावरच्या रस्त्यात दोन माणसे समोरासमोर आली, तर एकाला कुणाच्या तरी घरात शिरावे लागे. आज नऊ ते पाच या वेळात प्रत्येक कॅरॅव्हॅन स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर पडून पुढच्या चौकापर्यंत जाताना दिसायला हवी होती. नाही दिसली, तर परवाना रद्द.

बाबांनी जानेवारीत तळ तिच्या नावावर केला, तेव्हा ही अडचण वारशात धरलेली नव्हती. लाकडी केबिनवाल्या कंपनीचा माणूस मात्र दर सोमवारी फोन करायचा. "मॅडम, घर ओढत फिरायचे दिवस गेले. लोकांना आता तयार केबिन हवी, आत गरम पाणी हवं. जागा आम्हाला द्या, तुम्ही मोकळ्या व्हा." या माणसाला नाही म्हणता यावे म्हणून तिने बँकेतली चांगली नोकरी सोडली होती. परवाना गेला, की त्याला हो म्हणण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

नऊच्या ठोक्याला तपासणीचे साहेब आले. त्यांनी बरोबर आणलेली घडीची खुर्ची फाटकापाशी उघडली, थर्मास खाली ठेवला आणि कागदावर पट्टीने नऊ चौकोन आखले.

"मॅडम, सुरू करा."

"एकच मिनिट, साहेब. चाकं बसवतोय."

साहेबांनी 'चाके बसवणे चालू' अशी नोंद केली.

दुसरी अडचण अशी, की ओढणार कोण. पूर्वी जो तो आपापल्या गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून आला होता. मग इथेच राहायचे म्हटल्यावर गाडी कशाला, म्हणून सगळ्यांनी गाड्या विकून टाकल्या. शेवटी शेजारच्या शेतावरचा ट्रॅक्टरवाला आला. तो कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नसे, आणि हाच त्याचा खरा दोष होता.

फाटकाला सगळ्यात जवळ एक नंबर, म्हणजे मावशी. मावशी पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या आणि त्यांना कुणी घाई केलेली खपत नसे.

"मावशी, तुम्ही निघाल्याशिवाय मागचे आठ निघू शकत नाहीत," मालकीण म्हणाली.

"मग त्यांना सांग ना, माझ्यासाठी थांबू नका म्हणून."

"रस्ता एकच आहे, मावशी. तुम्ही बाटलीचं बूच आहात."

"बावीस वर्षांत मला कुणी बूच म्हटलं नव्हतं," मावशी म्हणाल्या, पण भिंतीवरचे घड्याळ काढायला लागल्या. एकेक बशी कागदात गुंडाळून झाली, तेव्हा दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. ट्रॅक्टरवाल्याने साखळी लावली आणि गियर टाकला. दात उपटल्यासारखा आवाज झाला आणि कॅरॅव्हॅन निघाली.

मागे एक खोली उरली. मावशींनी कॅरॅव्हॅनला लागून हळूहळू लाकडाची खोली वाढवली होती, आणि कॅरॅव्हॅन हीच त्या खोलीची चौथी भिंत होती. ती भिंत आता फाटकाकडे चालली होती. उरलेल्या तीन भिंतींच्या आत, नाटकाचा पडदा वर गेल्यासारखे, बाबा चहा पीत बसलेले दिसले.

"बाबा, तुम्ही आत काय करताय?"

"दहा वाजून गेले," बाबा म्हणाले. यात सगळे आले, असा त्यांचा चेहरा होता.

"ही खोली बांधायला परवानगी कुणी दिली?"

"मीच. तेव्हा मालक मी होतो." बाबांनी कप ठेवायला जागा शोधली. जागा निघून गेली होती. "आता मालक तू आहेस. तू बघ."

मालकीण बघत राहिली. एक नंबर फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागायला साडेअकरा वाजले. साहेबांनी पहिल्या चौकोनात बरोबरची खूण केली. मावशींनी पदराने घाम टिपत हिशेब मांडला. "एकीला दीड तास. नऊला साडेतेरा. शेवटची रात्री साडेअकराला बाहेर पडेल. जेवणाची सुटी धरलेली नाही."

"मग आता?"

"मी फक्त गणित शिकवायचे. उत्तर आलं की माझं काम संपलं."

तेव्हा ट्रॅक्टरवाला बोलला. "ताई, एकेक कशाला? सगळ्या एकामागे एक बांधू. एकदाच नेऊ, एकदाच आणू."

मालकिणीने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी नियमांचे पुस्तक उघडले आणि बोट ओले करून पाने उलटली. "एकावेळी एकच न्यावी, असं कुठं लिहिलेलं नाही."

"मग काय लिहिलंय?"

"काहीच नाही. म्हणजे चालेल."

ही ज्याला त्याला पटण्यासारखी गोष्ट होती, त्यामुळे ती चूक आहे हे कुणाच्या लक्षात आले नाही. दुपारभर चाके शोधण्यात आणि हवा भरण्यात गेली. सहा नंबरचे एक चाक मुलांच्या झोपाळ्याला टांगलेले होते. ती मुले मोठी होऊन आता स्वतःच्या मुलांना झोपाळ्यावर बसवायच्या वयाची झाली होती. टोमॅटो मातीसकट बादलीत गेले. तीन वाजता नऊ कॅरॅव्हॅन साखळ्यांनी एकमेकींना बांधून रांगेत उभ्या राहिल्या.

"वाहन चालू असताना आत कुणी बसू नये," साहेबांनी नियम वाचून दाखवला.

आत बसलेले सगळे उठून उभे राहिले.

वरात निघाली. चालत्या माणसालाही मागे टाकता येणार नाही इतका तिचा वेग कमी होता, त्यामुळे मालकीण आणि साहेब बाजूने पायी चालत होते. साहेबांच्या काखेत खुर्ची. फाटकातून उरलेली एकेक कॅरॅव्हॅन बाहेर पडली, तसा एकेक चौकोन भरत गेला. नवव्या खुणेला मालकिणीने सकाळपासून पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. तो तिने सोडायच्या आत चौक आला.

चौक गोल होता. मधे गोल बाग, बागेत बंद कारंजे. ट्रॅक्टरवाल्याचा बेत सरळ होता: बागेला वळसा घालायचा आणि आल्या रस्त्याने परत. त्याने छान वळसा घातला. मागून एक वळली, दोन वळली, तीन वळली. पूर्ण फेरी मारून परतीच्या रस्त्याच्या तोंडाशी तो पोहोचला, तेव्हा त्याच्या नाकासमोर नऊ नंबरची खिडकी होती. नऊ नंबर नुकतीच चौकात शिरत होती.

"दादा, मागे घ्या," मालकीण म्हणाली.

"मागे कुठं ताई?" ट्रॅक्टरवाल्याने मान वळवून पाहिले. "मागेपण मीच आहे."

पाच मिनिटांत चारही रस्त्यांवर गाड्या तुंबल्या. हॉर्न सुरू झाले. साखळ्या इतक्या ताणल्या होत्या, की एकही आकडा सुटेना. कॅरॅव्हॅनची दारे मात्र सगळी बागेच्या बाजूला उघडत होती. आत उभे राहून पाय दुखलेली मंडळी खाली उतरली आणि आपापल्या खुर्च्या काढून हिरवळीवर बसली.

"इथून समोर किती मोकळं दिसतं," मावशी म्हणाल्या. "आपल्याकडे समोर पाण्याची टाकी."

"मावशी, हा रस्ता आहे."

"मी काही बांधतेय का? नुसती बसलेय."

मामा दिशादर्शक पाटीखाली उभे राहून वर बघत होते. पाटीवर बाणांनी समुद्र, डोंगर, शहर असे दाखवले होते. "या समुद्राच्या रस्त्यानं रोज दोन फेऱ्या केल्या मी," ते म्हणाले. "समुद्र बघितला नाही. बस अलीकडच्या गावातून वळायची."

"मामा, आत्ता नको. पावणेपाच झाले."

एक ट्रकवाला खाली उतरून तरातरा आला. "हे सगळं कुणाचं आहे?"

"माझं," मालकीण म्हणाली. जानेवारीपासून हा शब्द तिला आवडायचा. आज पहिल्यांदा तो तिने हळू आवाजात उच्चारला.

ट्रकवाल्याने पहार आणली आणि मामांच्या चार नंबरच्या दोन्ही बाजूच्या साखळ्या तोडूनच टाकल्या. "ही मी ओढून बाजूला करतो."

"बाजूला म्हणजे कुठे?"

"इथं बाजू कुठाय? मी समुद्राकडे निघालोय. वाटेत जागा दिसली की सोडतो."

मामा टोमॅटोची बादली उचलून ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसले. ट्रक निघाला, तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तीस वर्षांच्या सवयीने उजवीकडे वळत असल्याची खूण केली. ट्रक डावीकडे वळला.

मग हे लोण पसरले. कोंडीतल्या ज्याच्या गाडीला मागे आकडा होता, तो रस्ता मोकळा व्हावा म्हणून एकेक कॅरॅव्हॅन जोडून घेऊ लागला. तिसऱ्या कॅरॅव्हॅननंतर तळावरची मंडळीच गाड्यांच्या काचा ठोठावू लागली. "तुम्ही कुठे निघालात? डोंगरात? थंडी असते का हो तिथे?" सहा नंबरचे जोडपे तर एका गाडीला नाही म्हणाले, कारण ती शहराकडे चालली होती.

"अहो, तुम्ही सगळे परत येणार आहात ना?" मालकीण प्रत्येकीमागे धावत होती. बावीस वर्षे ज्यांना कुणी जागचे हलवू शकले नव्हते, ते आता थांबत नव्हते.

शेवटी एक नंबर एका जीपला जोडली गेली. जीपमध्ये मागच्या बाजूला मावशींशेजारी बाबा बसले होते. मांडीवर घड्याळ.

"बाबा, तुम्ही कुठे?"

"यांच्याबरोबर. दहाचा चहा मग मी कुठे घेऊ?"

"आणि तळ?"

"तो तुझा आहे ना," बाबा म्हणाले. "मी कशाला मधे मधे करू."

सहा वाजता चौकात फक्त ट्रॅक्टर उरला. त्याला आता कुठेही वळता येत होते.

मालकीण आणि साहेब चालत तळावर परत आले. तळावर गवतात नऊ पिवळे चौकोन होते, आणि तीन भिंतींची एक खोली. साहेबांनी तिथे खुर्ची टाकली, कागद मांडीवर घेतला आणि शिक्का काढला.

"तुम्ही कशावर शिक्का मारताय?" तिने विचारले. "एकही परत आली नाही."

"परत यायला हवी, असं नोटिशीत नाही. लोक आले, राहिले, निघून गेले. तळ म्हणजे दुसरं काय असतं?" साहेबांनी शिक्क्यावर फुंकर मारली. "अकरा वर्षं मी हे तपासतोय, मॅडम. खरा तळ आज पहिल्यांदा बघितला."

परवाना तिच्या हातात आला. तेवढ्यात फोन वाजला. केबिनवाला होता; सोमवार नव्हता, म्हणजे चौकातली बातमी पोहोचली होती. "मॅडम, जागा पूर्ण रिकामी झाली म्हणे," तो आनंदाने म्हणाला. तिने फोन कापला, पण पटकन नाही. नऊ पिवळ्या चौकोनांकडे एकदा बघून मग कापला.

साहेब जायला उठले नाहीत. त्यांनी थर्मासचे झाकण लावले, पुन्हा काढले.

"कामाबाहेरचं एक विचारू?"

"विचारा."

"माझ्याकडे एक कॅरॅव्हॅन आहे. जुनीच. चार महिन्यांनी मी रिटायर होतोय. ही एक नंबरची जागा, खोलीसकट, मिळेल का? कायमची?"

मालकिणीने हातातल्या परवान्याकडे पाहिले. शाई अजून ओली होती. "जागा मिळेल, साहेब. पण वर्षातून एकदा हलवावी लागेल. चौकापर्यंत."

साहेबांनी थर्मासचे झाकण पुन्हा लावले.

"तो नियम मीच लिहिलाय," ते म्हणाले. "तेव्हा माझ्याकडे कॅरॅव्हॅन नव्हती."