पुरं पाहिलं का?

आमच्या शाळेत कुणी "मी पाहिलं" म्हणालं, की खैरनार सर हातातला चहा खाली ठेवून विचारत, "पुरं पाहिलं का?" ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. पंधरा वर्षं शिक्षकखोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. तेवढ्या काळात त्यांनी एकही कप गरम प्यायल्याचं मला आठवत नाही.

नववीला ते एका रस्ता ओलांडणाऱ्या माणसावर आठवडा घालवत. "'आय सॉ हिम क्रॉस द रोड' म्हणजे तो पलीकडे पोचेपर्यंत पाहिलात. 'क्रॉसिंग' म्हणजे मध्येच पाहिलात. पुढं त्याचं काय झालं, तुम्हाला ठाऊक नाही." एवढ्यावर थांबतील तर शपथ. मग सगळ्या वर्गाला खिडकीशी नेत आणि त्र्यंबक रोडवरचा एखादा सायकलवाला पलीकडे जाईपर्यंत उभं ठेवत. माझा तास तोवर अर्धा संपलेला असे.

एकदा पगारे शिपायानं मुख्याध्यापकांकडे चुगली केली. "सर, जोशीबाई शाळा सुटायच्या आधीच घरी गेल्या. जाताना मी पाह्यलं."

खैरनार सर तिथं टपकलेच. "घरात शिरलेल्या पाहिल्यास?"

"नाय. फाटकाभाईर पडताना."

"मग घरी गेल्या हे तुला काय ठाऊक शे?" चिडले की त्यांच्या तोंडी बागलाणातली अहिराणी येई. बाई घरीच गेल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. मेमो मात्र टळला.

२००४ साली संस्थेनं माझी बदली नामपूरला केली. सर सकाळीच मला पोचवायला स्टँडवर आले. बस येईना. ते चौकशीच्या खिडकीशी जात, परत येत, पुन्हा जात. शेवटी मीच वैतागलो. "सर, तुम्ही निघा आता. पहिला तास तुमचा आहे."

ते एकदम थांबले आणि माझ्या ट्रंकेवर बसले.

"त्या दिवशीही पहिल्या तासासाठीच तर स्टँडवरून निघून गेलो होतो," ते म्हणाले. "सुशीला माहेरी येवल्याला निघालेली. तिला बसमध्ये चढताना पाहिलं आणि सायकल वळवली. तिसऱ्या दिवशी तार आली. तापानं गेली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "गर्दी फार होती हो त्या दिवशी. तिला जागा मिळाली, का येवल्यापर्यंत उभीच गेली?"

त्यांना बायको नाही, एवढंच मला माहीत होतं. पंधरा वर्षांत कधी विचारलंसुद्धा नाही, याची फार लाज वाटली.

बस आली ती खच्चून भरलेली. ट्रंक टपावर गेली आणि मी भाजीच्या दोन पाट्यांच्या मध्ये कसाबसा एका पायावर उभा राहिलो. सर खाली प्रत्येक खिडकीत डोकावत होते. मी एका म्हातारीच्या अंगावरून वाकून तोंड बाहेर काढलं.

"सर, जागा मिळाली. खिडकीची."

त्यांनी मान डोलावली. बस स्टँडाबाहेर वळेपर्यंत मी तसाच वाकून राहिलो, बसल्यासारखा.