कायमची आले म्हणाल्या

रूथमावशींनी मला फसवलं. आता कायमची आले म्हणाल्या, माझ्याकडून खोली रिकामी करून घेतली आणि दोन महिन्यांत परत आफ्रिकेला निघून गेल्या.

डोक्यावर पाटी घेऊन, जुन्या कपड्यांवर भांडी देत मी सोनईत दुकान उभं केलं. घासाघिशीत मला कुणी हरवलेलं नाही. हरवलं ते या साठीच्या नर्सबाईंनी. मलावीत एका मिशन दवाखान्यात त्या कितीतरी वर्षं सेवेला आहेत. दर तीन वर्षांनी सुट्टीवर येतात. एरवी त्यांच्या घराची बाहेरची खोली माझं गोदाम, बदल्यात झाडलोट माझ्याकडं. सुट्टीत त्या आतल्या खोलीत राहायच्या, येता-जाता माझ्या हंड्यांना अडखळायच्या आणि रोज भांडायच्या.

दुपारी दुकानात येऊन उपड्या घमेल्यावर बसायच्या. एखादा मोठा हंडा उचलून कानाला लावायच्या आणि डोळे मिटायच्या. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई भोक तपासतायत.

"मावशी, घ्यायचाय का?"

"गप रे भाना. सरोवर ऐकतीय."

त्यांच्या दवाखान्यासमोर एक सरोवर आहे, पलीकडचा काठ न दिसणारं. "आमच्याकडं" म्हणून त्या सुरू झाल्या की पाणघोडे अंगणात येऊन गवत चरायचे, धुक्यातून होड्या यायच्या, होडीत अडलेल्या बाळंतिणी निजलेल्या असायच्या. माझे स्टीलचे डबेसुद्धा पाण्यासारखे हलताना दिसायचे. अशाच गुंगीत एकदा मी एका बाईला ती म्हणेल त्या भावात परात देऊन टाकली. शुद्धीवर आलो तेव्हा ती एसटीत बसली होती.

या खेपेला त्या आल्या आणि म्हणाल्या, आता हितंच राहणार, खोली खाली कर. मी तीन दिवस आरडाओरडा केला. चौथ्या दिवशी टेम्पोत माल भरला आणि दुकानामागं पत्र्याखाली आणून टाकला.

मग मान सुरू झाला. परदेशी सेवेतून माणूस सुट्टीवर आलं की चर्चमधल्या प्रत्येक घरानं त्याला जेवू घालायचं, अशी आमच्याकडच्या ख्रिस्ती लोकांची रीत. काचेची ताटं, कोंबडी, फोटो, निघताना साडी. कुणी मावशींना भाकरी थापू देईना, स्वतःचं ताट उचलू देईना. सख्ख्या भावजयीनं खुर्ची पुसून दिली. घरं संपली तशी बोलावणी थांबली. न बोलावता कुठं गेल्या तर कपबशांची शोधाशोध सुरू व्हायची. राहिलं माझं घमेलं.

पण मलाही लाज वाटायला लागली होती. म्हातारीवर इतकं ओरडलो. म्हटलं, आपणही माणसासारखं वागावं. घमेलं आत सारलं, नवी खुर्ची मांडली, बशीसकट चहा ठेवला आणि हात जोडून म्हणालो, बसा मावशी.

त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. हंडा उचलला नाही.

"भाना, आज भांडनार न्हाईस?"

म्हटलं, वयाचा मान राखायला नको का? त्यांनी अंग चोरून चहा संपवला, आभार मानले आणि गेल्या.

आठवड्याभरात बॅग बांधून दुकानात आल्या. दवाखान्यातली त्यांची जागा अजून रिकामी आहे का, असं तिकडं विचारलं होतं म्हणे, आणि ती होती. मी भडकलो. कायमची आले म्हणालात ना?

"आले हुते की," त्या म्हणाल्या. "तिथं मला कुनी खुर्ची देत न्हाई रे. रूथ, पानी आन, म्हनत्यात."

मग एक लहान तांब्या घेतला, कानाला लावून बघितला. म्हणाल्या, ह्यात तुझा आवाज बरा येईल. खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि माल आणून टाक म्हणाल्या.

खोली अजून रिकामी आहे. दोनदा टेम्पो दारापर्यंत नेला आणि परत आणला. तांब्या-पितळेचा माल पत्र्याखाली काळा पडतोय. घमेलं पूर्वीच्या जागी उपडं ठेवलंय, त्यावर मी कुणाला बसू देत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कधीकधी हंडा कानाला लावतो.

शेवटची खुर्ची माझी, कबूल. पण पहिली कुणी पुढं सारली? त्यानं माझ्या दुकानात यावं आणि जाब द्यावा. उभ्यानं.