चोवीस ठिपक्यांची वाघबकरी

आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा घरं रिकामी करताना कुणी पंखे काढून नेले, कुणी खिडक्यांच्या ग्रिल. तावडेकाकांनी बिल्डरच्या माणसाकडे जिन्यातली लादी मागितली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावरची, कोपऱ्यातली.

"ती सोसायटीची आहे," तो म्हणाला.

"माझी आहे. लिहिलेलं नाही, पण आहे."

काकांचं हे लाडकं वाक्य. ते अनेक वर्षं सेक्रेटरी होते आणि मुलुंडमधली ती अख्खी इमारत त्यांनी या एका वाक्यावर चालवली. रविवारी दुपारी मिक्सर लावायचा नाही. गच्चीतली तिसरी दोरी फक्त पहिल्या मजल्याची. कुठेही लिहिलेलं नाही, पण आहे.

त्या लादीवर वाघबकरीचा पट कोरलेला होता. चार वाघ, वीस बकऱ्या. वाघाने उड्या मारून पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. बकऱ्यांनी वाघांना कोंडलं की बकऱ्या जिंकल्या. तावडेकाका आणि वरच्या मजल्यावरचे सावंतकाका रोज संध्याकाळी पायरीवर बसून खेळायचे. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या.

कामगाराने पहार लावली आणि लादीचे चार तुकडे झाले. काकांनी ते बघितले आणि सरळ माझ्याकडे आले.

"वैशाली, हे फोनात घाल."

आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. तीही कॉम्प्युटरवाली. त्यामुळे ओळखीत कुणाचाही फोन हँग झाला की तो माझ्याकडे येतो, आणि मीही नाही म्हणत नाही. डिग्री मिळवलीय ती काय भिंतीवर लावायला?

काकांची अडचण साधी होती. त्यांनी मुलुंडमध्येच भाड्याने घर घेतलं होतं, पण सावंतकाका मुलाबरोबर बोरिवलीला गेले. नकाशात बघाल तर दोन्ही समोरासमोर. मध्ये फक्त जंगल, आणि त्यात खरोखरचे बिबटे. वळसा घालून जायला सावंतकाकांचे गुडघे तयार नव्हते आणि काकांना बस लागते. नवी इमारत कधी उभी राहील ते बिल्डरलाही ठाऊक नाही. तोवर खेळ बंद पडू द्यायचा नव्हता. काकांची मागणी एवढीच.

मी नेटवरून नियम काढले, सुट्टीच्या दिवशी बसून गेम बनवला आणि ऐटीत काकांच्या हातात फोन दिला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हा ठिपका कुठून आला?"

"कोपरा आहे तो काका. पाच ओळी, पाच ठिपके. पंचवीस."

"चोवीस. तिथे गोगटेबाईंचा चपलांचा स्टँड होता."

"पण काका, फोनात स्टँड नाहीये ना!"

"लिहिलेलं नाही..."

"पण आहे," मी म्हणाले, आणि जरा शहाणा माणूस गाठावा म्हणून सावंतकाकांना फोन लावला. दोघंही कोकणातले. पण तावडेकाका माझ्याशी तरी पुस्तकी बोलतात, सावंतकाका कुणाचीच गय करत नाहीत.

"पंचवीसावो खंय?" ते ओरडले. "थंय गोगटेबाईचो स्टँड आसा मां!"

स्टँड केव्हाच भंगारात गेला होता. गोगटेबाई आता ठाण्याला राहतात. पण फोनवर ज्याची सत्ता चालली तो त्यांचा चपलांचा स्टँडच. मी ठिपका पुसला.

मग पदराचा नियम निघाला. जिन्यातून जाणाऱ्या बाईच्या पदराने एखादी बकरी सरकली, तर ती सरकली तिथेच राहते.

"मी फोनात पदर कुठून आणू?"

"शिकलीयस ना एवढी?"

यावर आमचा दोन दिवस अबोला. शेवटी काका पदर सोडायला तयार झाले, पण फुकट नाही. मी प्रत्येक चालीला एक मिनिट ठेवलं होतं. मिनिट संपलं की पाळी गेली. ते घड्याळ काढून टाक, म्हणाले.

"अहो, मग लोक चालच करणार नाहीत."

"लोक कोण? आम्ही दोघंच तर आहोत."

मी घड्याळ काढलं. सौदा आपल्याला स्वस्तात पडला, असं मला वाटलं.

खेळ सुरू झाला. दिवाळीच्या आधी फराळ द्यायला मी काकांकडे गेले, तेव्हा फोन टेबलावर उघडाच होता. चार बकऱ्या मेलेल्या, पाळी काकांच्या वाघाची. पुढ्यात बकरी, तिच्या मागे मोकळा ठिपका. लहान पोराला दिसेल अशी उडी. आणि चाल अडलेली दसऱ्यापासून.

"काका, हा वाघ इथून इथे. संपला डाव!"

"दिसतं गं मला."

"मग?"

काकांनी चकलीचा तुकडा मोडला. "सावंत जिन्यात बसला की तोंड बंद नसायचं त्याचं. पण फोनवर बोलता येत नाही त्याला. 'बरो मां?' 'बरो.' की ठेवला. चाल अडवली की शिव्या घालायला रोज फोन करतो. शिव्या संपल्या की गुडघ्याचं सांगतो. सुनेचं सांगतो. काल भरल्या पापलेटाचं सांगत होता."

"आणि तुम्ही मुद्दाम अडवताय हे त्यांना कळत नाही?"

"न कळायला तो काय मूर्ख आहे? मागचा डाव त्याने गणपतीपासून अडवून ठेवला होता. तेव्हा फोन मी करायचो."

मी काही बोलणार, इतक्यात फोन वाजला. स्क्रीनवर सावंतकाकांचं नाव आलं. काकांनी लगेच उचलला नाही. उठून आधी पंखा बंद केला, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, खुर्चीत नीट टेकून बसले. आणि मग आवाजात जमेल तेवढा वैताग आणून म्हणाले,

"काय रे मेल्या, माका इचार करूंक देतलंस की नाय?"