बरणीवरच्या दोन रेघा

आमचे नाना कुणाला ‘कसं काय’ असं विचारत नाहीत. ‘पातळी काय?’ असं विचारतात.

दूधवाल्याला किटलीची पातळी, घरमालकांना गच्चीवरच्या टाकीची आणि मला पोटाची. एकदा ताप आला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ म्हटलं, तर नानांनी शेजारच्या खाटेवरच्या सलाईनकडं बोट दाखवलं. “ती बाटली किती वाजता लावली? उतार लई जोरात हाय.” डॉक्टरांनी वळून बघितलं आणि आधी तिकडं धावले. उतार खरंच जोरात होता.

हा स्वभाव नोकरीतून आलेला. नाना तीस वर्षं धरणावर होते. पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी वाचायची, वहीत नोंद करायची, फोनवरून वर कळवायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण पट्टी डोक्यात तशीच उभी आहे. चहा पिता पिता मधेच थांबतात आणि कप डोळ्यांसमोर धरून बघतात.

भोरला एसटी स्टँडमागच्या आळीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी आहेत. मधे एकच भिंत, तीही पातळ. मी मार्गासनीच्या एका शाळेत क्लार्क. बायको मुलीच्या शिक्षणासाठी पुण्यात, मी शनिवारी जातो, रविवारी संध्याकाळी येतो. सकाळी सहाची गाडी पकडायची, नसरापूरला उतरायचं, तिथून वेल्ह्याकडची दुसरी गाडी. आळीत एवढ्या पहाटे बाहेर पडणारा मी एकटाच, म्हणून नानांची नजर माझ्यावर पडली असं मी बरेच दिवस समजत होतो.

गेल्या जूनमध्ये नाना पालीला पुतणीकडं गेले होते. ती राजगडावर येणाऱ्या ट्रेकवाल्यांची राहायची सोय करते. सकाळी पुण्याची चार पोरं-पोरी उठली, पिशवीतून डबे काढले आणि गार गार काहीतरी चमच्यानं खाऊन गडाकडं निघालीसुद्धा. चूल नाही, स्टोव्ह नाही, कुणाला हाक नाही. नाना त्या पोरांच्या मागं पायवाटेपर्यंत गेले आणि सगळी कृती विचारून आले. रात्री दुधात ओट्स भिजत घालायचे, सकाळी तयार. बस.

“भाऊसाहेब,” ते मला म्हणाले, “मानसानं न्याहारीची वाट बघू न्हाई. न्याहारीनं मानसाची वाट बघावी.”

हे वाक्य त्यानंतर मी निदान दोनशे वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी हसलो.

पहिला प्रयोग मात्र बुडाला. नाना मूळचे हिर्डोशीचे. तिकडं नाचणीचं पीठ भिजवलं की उबेला ठेवायचं, आंबलं की आंबील करायची. धान्य रातभर भिजवायचं म्हणजे ऊब हवी, हे त्यांच्या रक्तातच. त्यांनी बरणीचं झाकण गच्च लावलं, बरणी गोधडीत गुंडाळली आणि आंघोळीच्या पाण्याच्या बंबाशेजारी ठेवून दिली. पहाटे भिंतीपलीकडं फट्‌ करून आवाज झाला. मी दार उघडून धावलो, तर नाना बनियनवर उभे, छताला ओट्स, भिंतीला ओट्स, गोधडीचं तर विचारूच नका.

“जादाचं भाईर जायला सांडवा न्हाई ठेवला,” ते शांतपणे म्हणाले. “चूक माझीच.”

मग त्यांनी छोटा फ्रिज घेतला. त्या फ्रिजमध्ये आजही बरण्यांशिवाय काही नसतं. तेव्हा पाच बरण्या, पाच वारांच्या चिठ्ठ्या, रोज पहाटे एक माझ्यासाठी. प्रत्येक बरणीवर काळ्या पेनानं दोन रेघा. खालच्या रेघेपर्यंत ओट्स. त्यावर दोन चमचे घट्ट दही, फुगवलेला सब्जा, चिमटीभर मीठ, मूठभर किसलेला गूळ आणि वरच्या रेघेपर्यंत सायीसकट दूध. “रातीतनं दाना पानी पितो. सकाळी दूध वरच्या रेघेखाली उतरलं, की समजायचं जमलं.” केळ्याच्या चकत्या तेवढ्या पहाटे घालायच्या, नाहीतर काळ्या पडतात.

एका मंगळवारी मी घाईत गुरुवारची बरणी उचलली. गाडी सुटत होती. नाना लेंग्यातच धावत आले आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढं उभे राहिले. “थांबा! भाऊसाहेब गुरुवार घेऊन चाललेत!” कंडक्टरनं मला विचारलं, “सायेब, औषध हाय का काय?” मी मान खाली घालून वार बदलून घेतला.

आता हे सगळं माझ्याच नशिबी का, ते सांगतो. नानांनी पहिल्यांदा सगळ्या आळीला वाटून बघितलं होतं. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. घरमालकीण म्हणाल्या, “नाना, हे म्हशीला घालू का?” मी एकटा म्हणालो, “छान झालंय.”

खोटं बोललो. मी चाखलंही नव्हतं.

मला साखर आहे. चार वर्षं झाली. बायकोला माहीत आहे, शाळेत कुणाला नाही, आळीत कुणाला नाही. आमच्या घरात दुखणं बोलून दाखवायची रीत नव्हती. वडिलांनी मोडका हात तीन दिवस सदऱ्यात लपवला होता. ‘नाना, मला गोड चालत नाही,’ एवढं एक वाक्य. जूनमध्ये सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. जुलैत अवघड झालं. ऑगस्टमध्ये अशक्य. रोज एक बरणी जायची, रोज संध्याकाळी एक खोटं घेऊन परत यायची, आणि आदल्या दिवशीचं खोटं दुसऱ्या दिवशीच्या खऱ्याला बाहेर पडू देईना.

बरणी कुठं जायची, तर मार्गासनीच्या थांब्यावर धोंडाबाईंच्या ताटलीत. धोंडाबाई तिथं रोज सकाळी शेळ्या घेऊन येतात. वय सत्तरीचं, आवाज तिशीतला. मी त्यांना ‘घरून जास्त येतं’ असं सांगितलं होतं. त्या खायच्या, ताटलीत उरलं तर शेळी चाटायची, मी शाळेच्या नळावर बरणी धुवायचो.

“बाईला सांगा, पेज लई ग्वाड झाली,” त्या म्हणायच्या. ही ‘बाई’ म्हणजे माझी बायको, असा त्यांचा समज. मी तो दुरुस्त केला नाही. तेवढंच आणखी एक.

संध्याकाळी नाना पायरीवर बसलेले असायचे.

“पातळी काय, भाऊसाहेब?”

“फुल्ल, नाना. गूळ अगदी बेताचा पडलाय.”

“बरं.” ते बरणी उजेडात धरून बघायचे आणि आत जायचे.

माझा जीव दिवसभर टांगणीला. बरणीला शेळीचा केस तर चिकटला नसेल? धोंडाबाई कधी भोरच्या बाजाराला आल्या आणि आळीत भेटल्या तर? घरी काही करून खावं म्हटलं, तर भिंतीपलीकडं तव्याचा आवाज जाणार. नाना लगेच विचारणार, ‘बरनी कमी पडतीया का?’ आणि दुसरी बरणी सुरू होणार. म्हणून मी सकाळची गोळी घ्यायचो, वर पाणी प्यायचो आणि शाळेतल्या साडेदहाच्या सुट्टीपर्यंत तसाच राहायचो. डॉक्टरांनी गोळीबरोबर खायला सांगितलेलं, हे मला पाठ होतं.

दिवाळीनंतर एकदा धोंडाबाई म्हणाल्या, “का वो, बाईचा गूळ सपला का?” मी ‘हो हो’ म्हणून शाळेकडं वळलो. दोन दिवसांनी पुन्हा म्हणाल्या. तेव्हाही ‘हो हो’. माझं लक्ष घंटेकडं होतं. आणि त्याच संध्याकाळी नानांना म्हणालो, “आजची गोडी काय जमलीय!”

नाना माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. मग “बरं” म्हणाले.

फेब्रुवारीत एका सकाळी नसरापूरला गाडी यायला तासभर उशीर झाला. मार्गासनीला उतरलो तेव्हा हात कापत होते. थंडीत घाम फुटला. थांब्याच्या कट्ट्यावर बसलो आणि शेळ्या एकाच्या दोन दिसायला लागल्या.

“अवो मास्तर!” धोंडाबाई क्लार्कलाही मास्तरच म्हणतात. “त्वांड पांढरंफटक पडलंय. काय खाल्लंया का न्हाई?”

मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातली बरणी ओढून घेतली, झाकण काढलं आणि चमचा सरळ माझ्या तोंडात कोंबला. आठ महिन्यांत पहिला घास.

गोड नव्हतं. अजिबात गोड नव्हतं.

“ह्यात गूळ...” मी म्हणालो.

“न्हाईच! दिवाळीपासनं बोंबलतीया मी. तुमी आपलं हो हो, हो हो!”

“मला साखर आहे,” मी म्हणालो. पहिल्यांदा मोठ्यानं. ऐकायला धोंडाबाई आणि नऊ शेळ्या.

“मंग उपाशी कशापायी हिंडता? अन् तुमच्या बाईनं गूळ बंद केला तो तुमच्यासाठनं, आन् खाती मी! काय मानूस हाय का काय!” त्यांनी पदराची गाठ सोडली, गुळाचा खडा काढून माझ्या जिभेवर ठेवला आणि तो विरघळेपर्यंत मला शिव्या घातल्या. हळूहळू शेळ्या पुन्हा नऊ झाल्या.

त्या दिवशी शाळेत मी एक कागद धड लिहिला नाही. नानांनी गूळ बंद केला होता. तीन-चार महिने. आणि तीन-चार महिने मी त्यांच्यापुढं गोडीची तारीफ करत होतो.

संध्याकाळी आळीत शिरलो. नाना पायरीवरच होते.

“पातळी काय, भाऊसाहेब?”

“रिकामी, नाना.”

त्यांनी वर बघितलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. साखर, गोळी, धोंडाबाई, शेळ्या, सकाळची चक्कर. एका दमात, नाहीतर राहिलं असतं.

“साखर म्हाईत हाय मला,” नाना म्हणाले. “दिवाळीच्या तोंडावर तुमच्या खिशातनं गोळ्यांची पट्टी पडली. मीच न्हाई का उचलून दिली? तसलीच पट्टी माझ्या घरात व्हती. ती वळखायला मला वाचावं लागत न्हाई. दिवाळीपासनं गूळ सोडला.”

“आणि मी रोज म्हणत होतो...”

“म्हनत व्हता. पयल्या दिवशी वाटलं, मानसाची जीभ गेली. दुसऱ्या दिवशी कळलं, विसर्ग दुसरीकडं चाललाय.”

“मग बोलला का नाहीत?”

नाना बरणीचं झाकण उघडत राहिले, लावत राहिले.

“बोललो असतो तर तुमी बरनी न्यायचं सोडलं असतं. मंग सांजच्याला परत द्यायला कोन आलं असतं हितं?”

मी पायरीवर बसलो.

“आमच्या मंडळीला बी साखर व्हती,” ते म्हणाले. “धरन भरत आलेलं. मला पट्टी सोडून यायची सोय न्हवती. तिनं सकाळची गोळी घेतली आन् माझी वाट बघत बसली. मी आल्याबगार ती घास तोंडात घालत नसं. मला यायला दुपार झाली, तवर ती बसल्या जागी गेली व्हती.” मग समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, “त्या दिवशीची पट्टी बगा वहीत. दर तासाची नोंद हाय. एका बोटाची चूक न्हाई.”

न्याहारीनं माणसाची वाट बघावी. दोनशे वेळा ऐकलेलं वाक्य. दोनशे वेळा हसलो होतो मी.

नाना उठले, फ्रिजमधून उद्याची बरणी आणली आणि चमचा माझ्या हातात दिला. मी खाल्लं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, पुरात पट्टीकडं बघावं तसे.

“कसं लागतं? खरं सांगा.”

“भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं, नाना.”

नाना हसले. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना एवढं मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. “सगळी आळी हेच म्हनत व्हती की वो!” ते म्हणाले आणि लगेच विचारात पडले. “साय वाढवू. शेंगदान्याचा कूट. वेलदोडा. बगू, गुळाबगार ग्वाड कसं लागत न्हाई ते.”

आता बरण्या सहा असतात. सहावी गुळाची, धोंडाबाईंची. ती शुक्रवारी पोचवायची. ‘बाई’ म्हणजे नाना हे कळल्यापासून त्यांच्या मते पेजेला बाईचा हात लागत नाही, आणि हा निरोप मी बिनचूक पोचवतो.

माझ्या बरणीवर मधे एक तिसरी रेघ आली आहे. नसरापूर येईपर्यंत तिथवर संपवायचं. गाडी फाट्याला वळली की खिशात फोन वाजतो. शेजारचे प्रवासी आता हसतही नाहीत.

“पातळी काय?”

“मधल्या रेघेच्या खाली आलीय, नाना.”

“विसर्ग चालू ठेवा.”

त्यानंतर बोलायचं काही नसतं. तरी ते फोन ठेवत नाहीत, मीही ठेवत नाही. मी खात राहतो, आणि चमचा बरणीला लागल्याचा आवाज ते तिकडून ऐकत बसतात.