बाप लेकाला धनी म्हणंल का?

दावीद आप्पाच्या घरी गेलं की आधी पाणी मिळत नाही, कोडं मिळतं. पाहुणा उंबऱ्यात चपला काढतोय तोवर आप्पा विचारतो, "मला येक सांगा. बाप आपल्या लेकाला धनी म्हणंल का?" सोयरीक घेऊन आलेला असो, नाहीतर गॅसची टाकी आणणारा असो, कुणाची सुटका नाही.

निपाणीत आमच्या दोघांच्या घरांत भिंत एकच आहे. मी जन्म तंबाखूच्या वखारीत काढला. शाळा तिसरीत सोडली, म्हणून मला काही कळत नाही असं कुणी समजू नये. आप्पा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. तो सातवी पास आहे, आणि ते तो कुणाला विसरू देत नाही.

कोडं त्याच्या शास्त्रातलं. फार जुन्या काळी यहुदी लोकांत दावीद नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या नावावर एक स्तोत्र आहे. त्यात म्हटलंय की देव माझ्या धन्याला म्हणाला, तू माझ्या उजव्या हाताला बस, तुझे वैरी मी तुझ्या पायाखाली आणून घालतो. आता राजाच्या वर फक्त देव. मग हा मधला धनी कोण? ख्रिस्ती लोक सांगतात, तो पुढं त्याच राजाच्या वंशात जन्माला येणारा येशू. इथं आप्पाचं बोट वर जातं. "वंशातला म्हंजे लेकच की! मग बाप त्येला धनी कसा म्हणतोय? खुद्द येशूनं ह्योच सवाल शास्त्र्यांना घातला. येकाचं तोंड उघडलं न्हाय!" राजाचं आणि त्याचं नाव एकच, त्यामुळं हे स्तोत्र म्हणजे आपल्या घरची इस्टेट असं तो धरून चालतो.

चिकोडीच्या बसमध्ये त्यानं कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "गोत्तिल्लरी आप्पा, तिकीट तगोरी." कानडीत 'ठाऊक नाही' म्हणून मोकळा झाला बिचारा. बाजारातल्या भाजीवाल्या आक्कानं मात्र वांगी तोलता तोलताच निकाल दिला, "सून आली की घरोघरी पोरगाच धनी हुतोय. त्यात कोडं कसलं?" माझ्या सुनेनं मोबाईलला विचारून भलंमोठं उत्तर वाचून दाखवलं. आप्पा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ह्या मोबाईलला बाप हाय का? लेक हाय का? मग त्येला काय कळतंय!"

मी माझं मत तोंडावर सांगितलं. म्हटलं, "आप्पा, हे गाणं राजानं म्हटलंच नसंल. नवा राजा गादीवर बसताना दरबारच्या शाहिरानं म्हटलं असंल. शाहीर राजाला धनी म्हणणारच. आमच्या देसायांच्या वाड्यावर गोंधळी यायचे, ते देसायाला इंद्राच्या मांडीला मांडी लावून बसवायचे."

आप्पाचे कान लाल झाले. "अण्णा, असं कितीक राजं गादीवर बसलं आन् उठलं. उजव्या हाताला बस म्हटलेला येकबी ऱ्हायला न्हाय. जो कायमचा बसला, त्येच्यासाठीच ते गाणं. त्यो वंशानं लेक, पर बापाच्याबी आधीचा."

मी ते कबूल केलं नाही, आणि आजही करत नाही.

आता त्याच्या लेकाचं सांगतो. नाव शमुवेल. आई लवकर वारली, तेव्हा आप्पानंच त्याला वाढवला. दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांमागं त्याची झोळी टांगलेली असायची. पोरगं मोठं झालं, बाहेरगावी धर्माचं शिक्षण घेऊन पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, झालं, आणि गेल्या पावसाळ्यानंतर नेमकं निपाणीच्याच चर्चमध्ये बदलून आलं. राहायला पाळकाचा सरकारी थाटाचा बंगला. सगळी मंडळी त्याला कपाळाला हात लावून म्हणू लागली, "सलाम, पाळकसाहेब." त्यांच्यात ही रीतच आहे.

पहिल्याच रविवारी चर्चच्या अंगणात आप्पानं लांबून हाक मारली, "ए शम्या! मफलर कुठाय रं तुझा?"

पंचांना हे रुचलं नाही. चर्चच्या पंचांत एक निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांनी आप्पाला बाजूला घेतलं. "आप्पा, चारचौघांत तरी पाळकसाहेब म्हणा. मान माणसाचा नसतो, जागेचा असतो."

"मी त्येचं ढुंगण धुतलंय, मास्तर."

"आम्ही कुठं नाही म्हणतोय? पण आता ते सांगू नका."

त्या दिवसापासून आप्पा चर्चला जायचा बंद झाला. जन्मात रविवार न चुकवलेला माणूस! घरात बसून मोठ्यांदा तेच स्तोत्र म्हणायचा. मला ते भिंतीतून ऐकावं लागायचं. कोडं विचारणंही थांबलं. गॅसवाला टाकी ठेवून बिनकोड्याचा परत गेला, तेव्हा मला काळजी वाटली.

मी जाऊन टोमणा मारला, "काय रं, येवढ्या मोठ्या राजाला लेकाला धनी म्हणायला जमलं, आन् तुला कंपाउंडरला जमंना?"

त्यानं स्तोत्राचं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "राजाला लई पोरं हुती, अण्णा. मला येकच हाय. सगळ्यास्नी पाळकसाहेब मिळाला. मीबी तसंच म्हटलं, तर शम्या कुणाचा ऱ्हातोय?"

मी टोमणे मारायला गेलतो. चहा न पिता घरी आलो.

नाताळाच्या आधी पाळक घरोघर जाऊन प्रार्थना करतात. त्या संध्याकाळी शमुवेल आप्पाकडं येणार होता, बरोबर हेडमास्तर आणि आणखी एक पंच. मी काही भिंतीला कान लावून बसणारा माणूस नव्हे, सरळ जाऊन खुर्चीवर बसलो. आप्पा जुना कोट गळ्यापर्यंत बटणं लावून उभा होता. शमुवेल आत आला. हेडमास्तर खाकरले.

आप्पानं हात कपाळाला नेला. "सलाम, पाळकसाहेब."

शमुवेलनं मान खाली घातली. प्रार्थना झाली. शेवटी पाळकानं घरधन्याच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो. आप्पा वाकला, शमुवेलनं हात ठेवला. 'आमेन' झालं तरी आप्पा वर उठेना. त्यानं डोक्यावरचा तो हात तसाच मनगटाला धरला, दवाखान्यात नाडी धरायचा तसा.

"हात गार पडलाय तुझा. सकाळपास्नं पोटात काय न्हाय."

"आप्पा, अजून घरं ऱ्हायल्यात."

"ऱ्हाऊ देत. बस."

पंच घड्याळाकडं बघत बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. शमुवेल स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसला, मीही शेजारी टेकलो. आमटी सांडायला नको म्हणून त्यानं गळ्यातली पाळकाची पांढरी कॉलर काढली. ती कुठं ठेवावी कळेना, तेव्हा आप्पानं घेतली. खुंटीवर अडकवली नाही, फळीवरही ठेवली नाही. आमच्यात देवाचा टाक धरतात तशी दोन्ही हातांत धरून लेकासमोर उभा राहिला.

"आणखी भाकरी?" त्यानं विचारलं. शमुवेलनं मानेनंच हो म्हटलं. आप्पाचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्यानं माझ्याकडं बघून डोळ्यानंच टोपलीकडं खूण केली.

मी आपल्या घरी कधी स्वतःचं ताटसुद्धा उचललेलं नाही. उठलो आणि भाकरी वाढली.